आधी उडी, मग पन्हाळा

या आठवड्याचं पत्र कसबा बावड्यातून आलंय. थोडं छाटून देते.

"ताई, मी यंदा दहावीत गेलोय. मला पन्हाळगड ते विशाळगड असा गेम करायचाय. पूर्ण ओपन वर्ल्ड. सिद्दी जौहरचा वेढा, पाऊस, शिवा काशीद, खिंड, सगळं पाहिजे. मे महिन्यापासून वहीत लिहितोय, दोनशे पानी वही भरत आली. चौदा शस्त्रं आहेत, अकरा लेव्हल आहेत. पण कॉम्प्युटरवर अजून काहीच नाही. दादाचा जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. त्यावर अनरिअल इंजिन टाकायला गेलो तर तो बंदच पडला. यूट्यूबवर एक जण म्हणतो आधी सी प्लस प्लस शिका. दुसरा म्हणतो खरा प्रोग्रॅमर स्वतःचं इंजिन स्वतः लिहितो. शाळेत स्क्रॅच शिकवलंय, पण ते बारक्या पोरांचं आहे ना? त्यात एक माणूस केला होता. उडी मारून खाली आला की जमिनीत रुतायचा. मग सोडून दिलं. पप्पा शिरोलीला फौंड्रीत आहेत. ते म्हणतात, गेमनं कुणाचं पोट भरलंय? नवीन लॅपटॉप मागू का? सुरुवात कुठनं करू?"

(बाहेरगावच्या वाचकांसाठी: पत्र मुलीचंच आहे. आमच्या कोल्हापुराकडं पोरी 'आलो, गेलो, जेवलो'च म्हणतात. मीही घरात तशीच बोलते, सदरात तेवढी जरा शिस्तीत वागते. आणि ओपन वर्ल्ड म्हणजे कुठंही मोकळं फिरता येणारा गेम, इंजिन म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, सी प्लस प्लस ही प्रोग्रॅम लिहायची भाषा, आणि स्क्रॅच म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं साधन.)

प्रिय बावडेकरीण,

तू वहीच्या पानांचे फोटो पाठवलेस ते सगळे बघितले. पान नंबर तीन फार आवडलं, तरी एक शंका आली. पालखीच्या पुढं पळणाऱ्या मावळ्याच्या हातात तू मशाल दिली आहेस. अगं, वेढ्यातनं गुपचूप निघालेली माणसं मशाल पेटवून कशी जातील? ते एक काढ. बाकी वही जपून ठेव, फाडू नकोस आणि सध्या उघडूही नकोस.

लॅपटॉप मागू नकोस. दोन कारणं. एक, तुला आत्ता जे करायचंय त्याला ४ जीबी पुरतात. दुसरं जरा बोचेल. नवा लॅपटॉप आला तरी पुढचे तीन महिने तू वहीच भरणार आहेस. अनरिअल चालू होईल, त्यात डोंगर दिसतील, गवत हलेल, तू ते फिरवून फिरवून बघशील आणि गेम तिथंच राहील. मी ही चूक केलेली आहे, म्हणून इतक्या खात्रीनं सांगते. माझ्या कॉम्प्युटरच्या एका फोल्डरमध्ये अर्धवट गेमांचं स्मशान आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाला झकास नाव आहे.

आता स्वतःच्या इंजिनाचं. तुझ्या यूट्यूबवाल्याला कोल्हापूरचं उदाहरण ठाऊक असतं तर त्यानं तेच दिलं असतं. बाबूराव पेंटरांनी सिनेमा काढायचा तर आधी कॅमेराच तयार केला, इथं कोल्हापुरात, सहकारी दामल्यांच्या मदतीनं, १९१८च्या सुमारास. आम्हाला लहानपणी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की आपणही काहीतरी मुळापासूनच बनवायला पाहिजे असं वाटायचं. पण त्यांना सिनेमा काढायचा होता आणि कॅमेरा हाताशी नव्हता, म्हणून तो करावा लागला. तुझ्याकडं कॅमेरा आहे. फुकट आहे, घरातल्या लॅपटॉपवर चालतो, शाळेत शिकवूनही झालाय. तू सिनेमा काढ.

होय, मी स्क्रॅचबद्दलच बोलतेय. बारक्या पोरांचं आहे म्हणून नाक मुरडू नकोस. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या लोकांनी २००७ साली ते आणलं, आणि रंगीत ठोकळे (ब्लॉक) असले तरी आतली डोकेफोड तीच आहे: काहीतरी सतत चालू ठेवायचं, काहीतरी लक्षात ठेवायचं, दोन वस्तू एकमेकींना लागल्या का ते बघायचं. सी प्लस प्लसमध्येही हेच करतात, फक्त तिथं अर्धविराम विसरला की दुपार जाते. तुझ्याकडं दहावीचं वर्ष आहे. दुपारी मोजक्या आहेत.

तर काय करायचं? वहीतलं एकच वाक्य घे. जुलै १६६०, रात्र, पाऊस, चिखल, पालखीच्या पुढं वाट बघत पळणारा एक जण. तो पळतोय, समोरनं दगड येतायत, स्पेस दाबलं की उडी. दगड लागला की खेळ संपला. इतकंच. चौदा शस्त्रं नाहीत, वेढा नाही, शिवा काशीद नाहीत. पालखीही दाखवू नकोस. महाराजांना दगडावरनं उड्या मारायला लावल्यास तर लोक जाब विचारायला तुझ्याऐवजी माझ्या घरी येतील.

हे फारच किरकोळ वाटतंय ना? १९७२ साली अमेरिकेतल्या अटारी या गेम कंपनीत ॲलन अल्कॉर्न नावाचा इंजिनियर नव्यानं लागला. व्हिडिओ गेम त्यानं कधी केलेला नव्हता. मालक नोलन बुशनेल यानं हात बसावा म्हणून त्याला सराव दिला: दोन फळ्या, एक चेंडू, वर गुण. वर थापही मारली, की हे मोठ्या कंपनीचं काम आहे. त्या सरावाचंच 'पाँग' झालं. एका दारूच्या गुत्त्यात पहिलं मशीन ठेवलं, ते काही दिवसांत बंद पडलं. दुरुस्तीला जाऊन बघतात तर नाण्यांचा डबा गच्च भरलेला. मला यातली खरी आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. सर्किटमधल्या दोषामुळं त्या फळ्या पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत जातच नव्हत्या. अल्कॉर्ननं तो दोष तसाच ठेवला, कारण त्यामुळं खेळ अवघड झाला आणि मजा वाढली. हे त्याला कळलं कसं? खेळून बघितलं म्हणून. वहीत लिहून ते कधीच कळलं नसतं.

आता उडीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तुझा पहिला गेम म्हणजे जवळपास उडीच आहे.

स्क्रॅचचा पडदा ४८० रुंद आणि ३६० उंच असतो. मधोमध शून्य. म्हणजे आडवं (एक्स) -२४० ते २४०, उभं (वाय) -१८० ते १८०. 'वेग' नावाचं एक व्हेरिएबल, म्हणजे आकडा लक्षात ठेवायचा डबा, कर. फॉरएव्हर या सतत चालणाऱ्या ठोकळ्याच्या आत दर फेरीला माणसाचा वाय 'वेग'इतका बदल, आणि मग वेगातनं १ वजा कर. उडी म्हणजे फक्त एवढंच, की जमिनीवर असताना स्पेस दाबलं तर वेग १५ कर. पहिल्या फेरीला तो १५ वर जातो, मग १४, मग १३, शेवटी १, मग शून्य, आणि मग तसाच खाली. पंधरापासून एकपर्यंत बेरीज कर: १२० भरते. म्हणजे पडद्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी उंच उडी. स्क्रॅच सेकंदाला ३० फेऱ्या मारतं, म्हणजे माणूस सुमारे एक सेकंद हवेत राहतो.

हे करून बघ. बघितल्यावर तुला ते आवडणार नाही. माणूस फुग्यासारखा तरंगत वर जाईल आणि विचार करत खाली येईल. आता सुरुवातीचा वेग २० कर आणि दर फेरीला १ ऐवजी २ वजा कर. २०, १८, १६, असं २ पर्यंत: बेरीज ११०. उंची जवळजवळ तेवढीच, पण सगळं वीस-एकवीस फेऱ्यांत उरकतं, म्हणजे पाऊण सेकंदाच्याही आत. तोच माणूस आता मावळा वाटायला लागतो. दोन आकडे बदलले फक्त. एक अख्खा रविवार या दोन आकड्यांशी खेळण्यात घालवलास तरी तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी माणूस म्हणून काळा चौकोन चालेल. चित्र काढत बसू नकोस. चित्र चांगलं झालं की उडी वाईट असली तरी सोडवत नाही.

पुढच्या रविवारी दगड. दगडाचा एकच स्प्राइट, म्हणजे पडद्यावरची हलती वस्तू, कर आणि दर दोन सेकंदांनी त्याचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढ. क्लोन उजव्या कडेला २४० वर उगवतो आणि दर फेरीला एक्स ६ नं कमी होतो. इथं दोन खड्डे आहेत, दोन्हींत मी पोरं पडताना बघितली आहेत. एक, स्क्रॅच कुठल्याही स्प्राइटला पडद्याबाहेर पूर्ण जाऊ देत नाही. त्यामुळं 'एक्स -२४० पेक्षा कमी झाला तर पुसून टाक' असं लिहिलंस, तर बारका दगड डाव्या कडेला चिकटून बसतो आणि ती अट कधी खरीच होत नाही. -२२० ला पूस. दोन, न पुसलेले क्लोन साठत जातात आणि स्क्रॅच एका वेळी ३०० च्या वर क्लोन करू देत नाही. दोन सेकंदाला एक म्हणजे बरोबर दहा मिनिटांनी दगड यायचेच बंद होतात. तू स्वतः दहा मिनिटं सलग खेळणार नाहीस, म्हणून हे तुला कळणारही नाही. तुझा एखादा चिवट चुलतभाऊ खेळेल आणि 'मी गेम जिंकलो' म्हणून घरभर नाचेल.

वेगाच्या नादात मी स्वतः कशी तोंडावर आपटले तेही सांगते. नव्वदीतली गोष्ट. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये क्यूबेसिक या प्रोग्रॅमच्या भाषेत मी भिंतीवर आपटणारा चेंडू केला होता. चेंडू फार पळायला लागला म्हणून मध्ये एक रिकामं लूप टाकलं: एकपासून पाच हजारांपर्यंत नुसतं मोज आणि मग पुढं हल. क्लासच्या मशीनवर चेंडू झकास चालायचा. दिवाळीत फ्लॉपी घेऊन मामाकडं गेले. मामानं नवा पेंटियम घेतलेला. सगळी भावंडं गोळा करून मी गेम सुरू केला, तर चेंडू दिसेचना! मशीन इतकं वेगवान की पाच हजार मोजून ते केव्हाच पुढं गेलेलं. भावंडांनी मला अजून सोडलेलं नाही. त्या काळच्या कॉम्प्युटरांना टर्बो नावाचं बटण असायचं, ते याचसाठी, जुने गेम धावत सुटू नयेत म्हणून मशीन मुद्दाम हळू करायला. स्क्रॅच फेऱ्यांचा ताल स्वतः सांभाळतं, म्हणून ही कटकट तुला नाही. पुढं कधी गोडोकडं गेलीस तर तिथं मागच्या फ्रेमला (पडद्यावरच्या एका चित्राला) किती वेळ लागला ते विचारून हालचालीला त्यानं गुणावं लागतं. तेव्हा माझा चेंडू आठव.

(गोडो म्हणजे गेम करायचं मोफत इंजिन, २०१४ पासून सगळ्यांना खुलं आहे, जुन्या लॅपटॉपवरही साधे टूडी गेम त्यात होतात. पण ते मार्चनंतर. परीक्षा झाली की.)

दगड झाले की लगेच 'खेळ संपला' आणि 'पुन्हा खेळ' कर. हे सगळे शेवटी ठेवतात आणि मग राहूनच जातं. पुन्हा सुरू करताना स्कोअर शून्यावर येतो का, जुने दगड जातात का, वेग शून्य होतो का, यात तुझे दोन तास जातील. माझ्या मते हेच दोन तास खरे गेम बनवण्याचे. बाकी वेळ आपण खेळण्याशी खेळत असतो.

त्यानंतर चित्रं. कागदावर कोळशानं काढ, फोनवर फोटो घे, टाक आत. काळी रात्र, पांढरट पाऊस. चिखलात पाय दिसलेच नाहीत तर पाय काढायचे कष्टही वाचले. आवाजासाठी इंटरनेटवरनं सिनेमाचं गाणं उचलू नकोस, ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं. तुमच्या गल्लीत कुणी हलगी वाजवणारा असेलच. त्याला अर्धा मिनिट वाजवायला सांग आणि फोनवर रेकॉर्ड कर. उडीच्या आवाजाला तोंडानं 'हुप्प' केलंस तरी चालेल. मी तर म्हणते, तेच कर.

मग दुसऱ्याला खेळायला दे. इथं तुझी परीक्षा आहे. शाहू स्टेडियमवर पेठांची फुटबॉल मॅच बघायला गेली असशील तर माहीत असेल, स्टँडमधला प्रत्येक माणूस कोच असतो. "अरे पास दे की! अरे मार की!" तू असलं काही करायचं नाहीस. तोंडाला कुलूप. 'स्पेस दाब' एवढंही सांगायचं नाही. मैत्रीण वरचा बाण दाबत बसली तर वहीत लिही: वरचा बाणही चालला पाहिजे. आजी पडद्यालाच बोट लावायला लागली तर तेही लिही, माउस क्लिकवर उडी ठेवायला एक ब्लॉक लागतो.

आणि एक तक्रार नक्की येईल: "मी दाबलं होतं की!" तू बघितलेलं असतं, तो दगडाला धडकला, उडी मारलीच नाही. तुला वाटेल खोटं बोलतोय. तो खरं बोलतोय. माणूस जमिनीला टेकायच्या दोन-तीन फेऱ्या आधीच त्यानं स्पेस दाबून सोडलेलं असतं. तुझा प्रोग्रॅम त्या क्षणी म्हणतो, हवेत आहे, उडी नाही, आणि ते दाबणं विसरून जातो. यावर उपाय सोपा आहे. 'आठवण' नावाचं व्हेरिएबल कर, स्पेस दाबलं की ते ४ कर, दर फेरीला १ नं कमी कर. माणूस टेकला आणि आठवण अजून शून्याच्या वर असली की उडी दे आणि आठवण शून्य कर. खेळणाऱ्याला यातलं काही कळत नाही. तो फक्त म्हणतो, आता बरं चालतंय.

राहिले पप्पा. त्यांच्याशी भांडू नकोस. पोट भरण्याचा वादही घालू नकोस, तो तुला आत्ता जिंकता येणार नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' नावाचा गेम २०२० मध्ये जगभर विकायला काढला, हे त्यांना सांगून बघ, पण त्यानं ते विरघळतील असं मला वाटत नाही. त्यापेक्षा त्यांना एक विचार. फौंड्रीत नवीन पार्टची ऑर्डर आली की पहिल्याच दिवशी हजार नग ओततात का? ते सांगतील, आधी पॅटर्न, मग एक सँपल, ते तपासायचं, कुठं पोकळ राहिलंय, कुठं भेग आहे ते बघायचं, गिऱ्हाइकाकडनं पास करून घ्यायचं आणि मग माल. ऐकून झालं की म्हण, मला सहा रविवार द्या, दोन-दोन तास, मी एक सँपल काढते. बारा तास होतात सगळे. बारा तासांसाठी दहावी बुडाली असं फौंड्रीतला माणूस म्हणणार नाही. आणि सहाव्या रविवारी पहिलं गिऱ्हाईक त्यांनाच कर. ते तीनदा हरले आणि चौथ्यांदा स्वतःहून स्पेस दाबलं, तर मला कळव. हे मला खरंच ऐकायचंय.

सहा रविवारांत झालं नाही तर? आठ घे. पण त्यात नवीन काही घालू नकोस. दुसरा शत्रू नको, दुसरी लेव्हल नको, बोलणारं पात्र तर नकोच. डोक्यात काही आलं की वही आहेच ना, तिथं लिही आणि झाकून ठेव.

ता.क. तुझा माणूस रुतायचा त्याचं सांगायचं राहिलं. खाली येताना समजा वेग -१५ झालाय आणि पायाखाली जमीन ७ वर आहे. एका फेरीत तो १५ नं खाली जातो, म्हणजे ८ आत. मग तुझा ब्लॉक म्हणतो 'टेकला' आणि आहे तिथंच थांबवतो. म्हणून टेकल्याचं कळलं की वेग शून्य कर आणि जमिनीचा स्पर्श सुटेपर्यंत वाय १-१ नं वाढव. हे स्वतःच्या ब्लॉकमध्ये घाल आणि तो ब्लॉक करताना पडदा न ताजा करता चालव अशी जी खूण असते ती कर, नाहीतर माणूस चिखलातनं हळूहळू उगवताना दिसेल. आणि वर काढायच्या आधी 'जमिनीवर' नावाचं व्हेरिएबल १ कर, उडी मारली की शून्य. उडीची परवानगी त्याला विचार, स्पर्शाला विचारू नकोस. वर काढल्यावर स्पर्श सुटलेला असतो, मग तू स्पेस बडवून बडवून दादाचा कीबोर्ड मोडशील आणि हा गडी ढिम्म हलणार नाही.